स्वतःच्या मालकीचा मॉडेम

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज केबलचं बिल आलं आणि माझं डोकं फिरलं. अकरा वर्षं हे बिल येतंय, पण नीट वाचलं ते आज, कारण पेपर आला नव्हता आणि कॉफीबरोबर वाचायला दुसरं काही नव्हतं. खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलंय : मॉडेमचं भाडं, चौदा डॉलर. दर महिन्याला! मॉडेम म्हणजे टीव्हीशेजारी हिरवे दिवे मिचकावत बसलेला तो काळा डबा. दुकानात नवाकोरा नव्वदला मिळतो. आजवर दिलेल्या भाड्यात असे वीस डबे घेऊन गल्लीत वाटले असते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा.

लोरेटाला बिल दाखवलं. ती चर्चच्या विक्रीसाठी पिएरोगीचं, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्यांचं, पीठ मळत होती. मी म्हटलं, "बघ, अकरा वर्षं ह्या लोकांनी आपल्याला उल्लू बनवलं." ती वर न बघता म्हणाली, "डेल, बाळ होईपर्यंत त्या डब्याला हात लावू नकोस. मग काय हवा तो धिंगाणा घाल."

बाळ म्हणजे आमच्या कर्स्टनचं. ती अलास्कात असते, जावई ब्रॉडी तिथे हवाई दलात आहे. नोव्हेंबरच्या शेवटी दिवस भरतात. लोरेटाला बाळंतपणाला जायचं होतं. मी ऑगस्टमध्येच सांगितलं, पोरगं दिवसभर झोपणार, ते बघायला चार हजार मैल कशाला जायचं? टॅबलेटवर दिसतंच की. ती गप्प बसली, म्हणजे तिला पटलं. आता दर रविवारी स्वयंपाकघरात टॅबलेट मांडून तासभर लेकीशी बोलते आणि तिचा सगळा जीव त्या काचेत अडकलेला असतो. आमच्या दरीत मोबाइल लागत नाही, त्यासाठी कबरस्तानाच्या टेकडीवर चढावं लागतं. घरचा फोनसुद्धा केबलमधूनच येतो.

मी म्हटलं, दोन दिवसांचं काम आहे. एकतीस वर्षं शाळेत पोरांना गाडी शिकवली, त्यांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरला. डब्याला काय घाबरायचं?

बुधवार, ८ ऑक्टोबर

काम फत्ते. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये जुना बाजार भरला होता. तिथे शेजारच्या वेंडलने टेबल लावलं होतं. त्यावर तीन टोस्टर, एक हरणाचं डोकं आणि एक मॉडेम. वेंडलच्या घरी इंटरनेट नाही, पण मॉडेमबद्दल मतं मात्र भरपूर. म्हणाला, "डेल, हा घोडा आहे घोडा. मेव्हण्याने दिलाय. तुझ्यासाठी पंधरा." घासाघीस करून बारावर आणला.

तिथूनच गाडी काढली आणि बारा मैलांवर ट्राय-व्हॅली केबलच्या ऑफिसात जाऊन भाड्याचा डबा काउंटरवर आपटला. काउंटरवर युनिस नावाची बाई बसते, चष्म्याला मण्यांची साखळी, आवाज मधाळ. तिने विचारलं, "मिस्टर कोवाल्चिक, घरी नवा मॉडेम सुरू झालाय ना? आधी तो सुरू करून बघा, हा मग आणा. मी थांबते."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही तुमच्या कंपनीची काळजी करा."

अस्सा चेहरा झाला तिचा! येताना स्वतःला एक डोनट घेतला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

डबा लावला. दिवे लागले. इंटरनेट नाही. फोनही नाही, म्हणून वेंडलच्या घरून कंपनीला फोन केला. तिकडच्या पोराने डब्याच्या बुडाचा नंबर वाचायला लावला.

"सर, हा मॉडेम आमचाच आहे. जॉन्सटाउनच्या एका गिऱ्हाइकाने तीन वर्षांपूर्वी भाड्याने घेतला आणि परत केला नाही."

"मी तो विकत घेतलाय."

"हो सर, पण तो चोरीचा माल म्हणून नोंदलेला आहे."

वेंडल शेजारी उभा राहून कान कोरत होता. म्हणाला, "मला काय माहीत? मेव्हणाच तसला." पुन्हा बारा मैल गेलो आणि त्यांचाच डबा मी माझ्या पैशाने विकत घेऊन त्यांना नेऊन दिला. युनिसने पावती फाडली, आणि वर "थँक यू" म्हणाली. हात दाखवून अवलक्षण. हसत होती का? चष्मा होता, कळलं नाही.

लोरेटाने जेवताना एवढंच विचारलं, "रविवारपर्यंत होईल?" मी म्हटलं, झालंच समज.

शनिवार, १८ ऑक्टोबर

मागचा रविवार गेला तो गेला. आज अल्टूनाला जाऊन मोठ्या दुकानातून खोक्यातला, सील असलेला मॉडेम आणला. दुकानातलं पोर मागे लागलं होतं, "काका, ह्याला वायफायचा वेगळा राउटर लागेल, आणि घरचा फोन ह्यावर चालत नाही." मी त्याला ओळखून आहे. एक डबा घ्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यात दुसरा बांधायचा, हीच यांची विद्या.

ह्या वेळी तळघरात लावला. सुरू! तळघरातल्या माझ्या जुन्या कॉम्प्युटरला वायर जोडली आणि हवामानाचं पान असं फटकन उघडलं की मी टाळी वाजवली. घरात इंटरनेट आहे, कुणाचं भाडं नाही. मी जिंकलो.

बारीकसारीक गोष्टी राहिल्यात. टॅबलेटला वायर जोडायला भोकच नाही, त्यामुळे त्यावर काही येत नाही. माझ्या कॉम्प्युटरला कॅमेरा नाही. फोन बंद आहे. पण तत्त्वाचं बघितलं तर काम झालं.

रविवार, १९ ऑक्टोबर

लोरेटा दुपारी टॅबलेट घेऊन तळघराच्या जिन्यात बसली होती. तिला वाटलं, डब्याच्या जवळ गेलं की येईल. समजावून सांगितलं की ते असं चालत नाही. तरी अर्धा तास बसली. बायकांना विज्ञान समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

लोरेटा आज स्वतःहून केबलच्या ऑफिसात गेली. मी चाटच पडलो. गावातल्या लायब्ररीचं छप्पर गळल्यामुळे ती उन्हाळ्यापासून बंद आहे, नाहीतर बाई तिथेच असायची. ऑफिसात तीन तास लागले. म्हणाली, "रांग होती."

मग हळूच म्हणाली, "डेल, युनिस म्हणते, बाळ होईपर्यंत भाड्याचा डबा परत न्या. भाडं मी माझ्या पिएरोगीच्या पैशातून भरते. तुला कळणारसुद्धा नाही."

मला कळणारसुद्धा नाही! चौदा डॉलरचा प्रश्न आहे का? उद्या सगळ्या खोऱ्यात बोभाटा होईल की कोवाल्चिक नाक घासत परत आला. मी म्हटलं, "त्या युनिसला सांग, सोन्याची सुरी असली म्हणून कुणी पोटात खुपसून घेत नाही." लोरेटा म्हणाली, "कर्स्टनला पाठदुखी सुरू झालीये." मी म्हटलं, ती तर तुलाही आहे.

हे तिला कळलं कुठून, हे विचारायचं राहिलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज दुर्दैव आड आलं. दुसरा डबा न घेता प्रश्न सोडवायचा, तर मॉडेम आणि माझा कॉम्प्युटर स्वयंपाकघरात आणून त्याला कॅमेरा जोडायला हवा, असं मी ठरवलं. त्यासाठी केबल लांबवायची. तळघराच्या छताला भोक पाडलं, जुनी केबल कापली, टीव्हीच्या काळातला एक जोड सापडला तो बसवला. आता टीव्ही नाही, इंटरनेट नाही, काहीच नाही. डबा नुसता लाल डोळा वटारून बघतोय. आगीतून फुफाट्यात.

वेंडलकडून कंपनीला फोन. माणूस पाठवतो म्हणाले, पण लवकरात लवकर एकोणतीस नोव्हेंबर, शनिवार, सकाळी आठ ते बारा.

मी हसू दाबलं. एकोणतीस म्हणजे हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस! त्या दिवशी ह्या जिल्ह्यात एकही पुरुष कामावर नसतो. दवाखान्यातले डॉक्टर नसतात, पाद्री प्रार्थना उरकून पळतो, शाळेला सोमवारीही सुट्टी द्यावी लागते कारण मास्तर अजून जंगलातच. केबलवाला काय येतोय! आणि बिलाच्या मागे लिहिलंय, आमचा माणूस वेळेत आला नाही तर वीस डॉलर तुमचे. म्हणजे ते येणार नाहीत, वर पैसे देणार. मी शांतपणे म्हटलं, "चालेल, लिहून घ्या."

लोरेटाला सांगितलं तर ती खुर्चीत बसली. "एकोणतीस? डेल, तोवर बाळ होईल." मी म्हटलं, पहिलटकरणीला उशीरच होतो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

लोरेटा आता पेटली आहे. आठवड्यातून तीनदा केबलच्या ऑफिसात जाते. मला वाटायचं ही बाई मवाळ आहे, पण माझ्यासाठी किल्ला लढवतेय. आज जाताना लिपस्टिक लावली होती, भोपळ्याचा केकही केला होता. मी विचारलं, "शत्रूला केक?" म्हणाली, "गोड बोलून काम होतं." शाबास! एकतीस वर्षं मी पोरांना हेच सांगितलं, हॉर्न वाजवण्याआधी हसून बघा.

तिला आता तिथली सगळी खबर असते. हीटरजवळची खुर्ची युनिस तिच्यासाठी राखून ठेवते. युनिसचा नवरा वारला. रांगेतल्या एका म्हाताऱ्याला रिमोट कळत नव्हता, तो लोरेटाने शिकवला. टॅबलेट पिशवीत घालून नेते, पुरावा म्हणून असेल.

परवा झोपेत हसली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग काल झालं. दोघांना टर्की जास्तच होते. बंदूक पुसून ठेवली, नारिंगी जाकीट काढलं. वेंडल पहाटे चारला येईल. लोरेटाने विचारलं, "उद्या तो माणूस आला तर?" मी म्हटलं, "येतोय कुठला! तू खुशाल कुठे जायचं तिथे जा. घर रिकामं असलं तरी बिघडत नाही." "नक्की?" "अगं, ह्या जिल्ह्यात जन्म काढला मी."

शनिवार, २९ नोव्हेंबर

हरीण मिळालं नाही. वेंडलने एका खोडावर गोळी झाडली आणि दिवसभर म्हणत राहिला की ते हललं होतं.

दोनला घरी आलो तर दाराला पिवळी चिठ्ठी. 'आम्ही सकाळी ८.२० ला आलो होतो. घरी कुणी नव्हतं. आपली भेट हुकली, क्षमस्व.' खाली सही : रॉक्सॅन. बाई! बाई पाठवली त्यांनी! पुरुष शिकारीला जातात, बायका नाही, हे त्यांना बरोबर माहीत होतं. बिलाच्या मागचा कागद पुन्हा वाचला. वीस डॉलरच्या खाली आणखी बारीक अक्षरात : गिऱ्हाईक घरी नसल्यास चाळीस त्याच्याकडून वसूल. चोर तो चोर, वर शिरजोर.

फ्रीजवर लोरेटाची चिठ्ठी होती, पहाटेची असावी. मी निघाल्यावर लिहिलेली. 'कर्स्टनला काल संध्याकाळी दवाखान्यात नेलं. युनिसने वेंडलकडे फोन करून निरोप दिला. मी ऑफिसात आहे.'

वेंडल दिवसभर माझ्याबरोबर झुडपात बसला होता आणि एक शब्द बोलला नाही! विचारलं तर म्हणे, "अरे, पहाटे तू बंदूक गाडीत ठेवत होतास तेव्हाच मी लोरेटाला सांगितलं ना. तुलाही सांगायचं असतं का?"

ती चारला आली. डोळे सुजलेले, चेहरा मात्र उजळलेला. कोट न काढता मध्येच उभी राहून सांगायला लागली. मुलगी झाली, सव्वाअकराला. युनिसने ऑफिसचं वायफाय लावून दिलं, टॅबलेट स्वतःच्या हातात उंच धरून उभी राहिली. काउंटरवर पाटी लावली, 'थोड्या वेळाने या.' पण कुणी गेलंच नाही. रांगेतली माणसं मागे गोळा झाली. बाळ रडलं तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो रिमोटवाला म्हातारा तर ढसाढसा रडला. "आणि डेल, तिची जिवणी ना, अगदी तुझ्या आईची."

माझ्या आईची जिवणी मला आठवली. हे मी इथे लिहितो, कारण इथे कुणी वाचत नाही. काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडून निघालं, "त्या चाळीस डॉलरचं विचारलंस का?"

लोरेटा माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. दुकानात एखादी वस्तू उचलून बघतो आणि परत ठेवतो, तसं. मग तिने कोट काढला, खुंटीला लावला, आणि म्हणाली, "नाही विचारलं. विसरले."

चालायचंच. आनंदात माणूस विसरतो.

गुरुवार, ४ डिसेंबर

लोरेटा अलास्काला गेली. पिएरोगीचे पैसे साठवले होते म्हणे. किती वर्षांपासून, ते सांगितलं नाही. तिकीट ऑफिसात बसून काढलं, म्हणजे शत्रूच्या वायफायवर. पिट्सबर्गच्या विमानतळावर युनिसने सोडलं. मी म्हटलं होतं, मी सोडतो, तर म्हणाली, "तुझं मॉडेमचं काम आहे ना."

खरंच आहे. बरं झालं, ती परत येईपर्यंत सगळं सुरू करून ठेवतो. दहा-बारा दिवस असतील. फ्रीजमध्ये सहा डबे ठेवून गेलीये, प्रत्येकावर नाव लिहिलेलं. वॉशिंग मशीन कसं चालवायचं तेही कागदावर लिहिलंय. दहा दिवसांसाठी एवढं कशाला, पण बायकांना सवय असते.

मंगळवार, ९ डिसेंबर

विजय!

शनिवारी तिसरा मॉडेम आणला. वायफाय पोटात, फोनची खाच पाठीत, आणि संपूर्ण माझा. आज रॉक्सॅन आली. तिशीची, माझ्यापेक्षा उंच. तळघरात गेली, वर बघितलं आणि शीळ घातली.

"ही केबल कुणी कापली, काका?"

"आधीपासून तशी होती."

"दोन ठिकाणी?"

वीस मिनिटांत तिने जोडलं. फोन वाजला, टॅबलेट... टॅबलेट लोरेटा घेऊन गेलीये. म्हणून मी वेगळा घेतला. जाताना रॉक्सॅनने विचारलं, "तुम्ही लोरेटाचे मिस्टर ना? कशी आहे ती? आम्हाला सगळ्यांना तिची फार आठवण येते हो." मी म्हटलं, मजेत आहे. असणारच.

वेंडलला बोलावून वेग दाखवला. तो म्हणाला, "एवढ्या वेगाने तू काय बघणार?" जळतो तो.

रविवार, १४ डिसेंबर

संध्याकाळी सातला, अलास्कात दुपारी तीनला, स्वतःच्या मॉडेमवरून पहिला व्हिडिओ कॉल केला. दाढी केली होती. घंटी दोनदा वाजली आणि चित्र असं आलं की लोरेटाच्या कपाळावरची पिठाची बोटं मोजता यावीत. तिने केस कापलेत. खांद्यावर बाळ होतं.

मी म्हटलं, "बघ! एकदाही अडकत नाही."

ती म्हणाली, "हो, छान दिसतंय."

मी सगळं सांगितलं : तिसरा डबा, रॉक्सॅन, वेग. ती "हं, हं" करत बाळाला थोपटत होती. मग कर्स्टन आली. थकलेली, पण हसली. "हाय, डॅड." नाव ठरलं का विचारलं. माझ्या आईचं नाव ॲडा. म्हणाली, "ॲडाच ठेवलंय, डॅड." मी खुर्चीत ताठ बसलो. "ॲडा युनिस," ती म्हणाली. "त्या बाई नसत्या तर आईला काहीच दिसलं नसतं."

माझ्या नातीला केबल कंपनीचं नाव! मी म्हणणार होतो काहीतरी. पण लोरेटाने बाळ कॅमेऱ्याजवळ आणलं आणि ती जिवणी पडदाभर झाली. मी हात पुढे केला. काच लागली. काच गरम होती, हे उपकरण तापतं थोडं.

मग विचारलं, "कधी येतेस?"

लोरेटा म्हणाली, "कर्स्टन मार्चमध्ये कामावर जाईल."

"म्हणजे मार्चमध्ये येतेस?"

"म्हणजे तेव्हा बाळाला बघायला कुणीतरी लागेल, डेल."

इथे सगळं सुरू आहे म्हटलं, फोनसुद्धा. ती म्हणाली, "मला माहीत आहे. तू फार मेहनत घेतलीस." आवाजात टोमणा नव्हता, तेच मला समजलं नाही. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. "आलेच हं," म्हणाली, टॅबलेट ओट्यावर उभा करून आत गेली.

मी थांबलो. समोर त्यांचं स्वयंपाकघर होतं. एक खुर्ची, तिच्या पाठीवर लोरेटाचं निळं स्वेटर. आतून पाण्याचा आवाज, मग दोघींचं हसणं, मग लोरेटाचं गाणं. मला वाटायचं तिला गाता येत नाही. पाऊण तास बसलो. एकदा "लोरेटा" अशी हाक मारली, पण हळूच, कारण बाळ झोपलं असेल.

मग जावई आला. फ्रीज उघडून दुधाची बाटली काढली, वळला आणि दचकला.

"अरे, तुम्ही अजून आहात? त्या विसरल्या वाटतं. बंद करू का?"

मी म्हटलं, "नको, राहू दे. आता डबा आपल्याच मालकीचा आहे."

त्याने मान हलवली, दूध घेतलं आणि जाताना सवयीने दिवा मालवला.